सोवळ्यातले दात

उज्जैनच्या फ्रीगंजातली आमची इमारत देवानं उलटी बांधली होती. तोंड खाली आणि पोट वर. तळमजल्यावर माझा दातांचा दवाखाना आणि वरच्या मजल्यावर आमच्या ह्यांचा पोटविकारांचा. टावर चौकातून पेशंट घेऊन येणारे ऑटोवाले दारातच विचारायचे, "ऊपर जाना है कि नीचे?" देवाच्या गावात म्हाताऱ्या माणसाला हा प्रश्न असा तोंडावर विचारू नये, असं हे त्यांना दर वेळी समजावत आणि दर वेळी स्वतःच हसत.

ह्यांचं ठाम मत होतं की डॉक्टरी गळ्याच्या खाली सुरू होते. गळ्याच्या वर जे चालतं ती कारागिरी. "शैला, तू उत्तम सुतार आहेस," असं चारचौघांत म्हणायचे. मी म्हणायची, "आणि तुम्ही उत्तम नळ दुरुस्त करणारे." आमच्या संसाराचा बराचसा वेळ या एका भांडणात मजेत गेला. आता ते नाहीत आणि दवाखान्याची पाटीही मी उतरवली आहे. तरी ते भांडण मीच जिंकले असं मला अजून वाटतं, आणि ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

मुद्दा साधा आहे. तोंडापासून शेवटपर्यंत माणसाच्या आत एकच नळी आहे. तिच्यात भिंती घातल्या त्या आम्हा डॉक्टरांच्या पाट्यांनी. दिवसभर आपण स्वतःची लाळ गिळत असतो. हिरड्यांत पू असेल तर तोही लाळेबरोबर गिळतो. त्या जंतूंचं पोटात पुढे काय होतं यावर हल्ली बरंच लिहून येतं. त्यातलं सगळं सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे माझ्या खुर्चीत बसून मला दिसलं ते सांगायला कोणाची हरकत नसावी.

आमच्या गावाची एक पक्की समजूत आहे की तोंडाला वास येतो तो पोटातून. टावर चौकातले एक कापडवाले सेठ त्या समजुतीवर वर्षानुवर्षं चूर्ण खात होते. वर जाऊन ह्यांच्याकडून गोळ्या, घरी येऊन चूर्ण, सकाळी कोमट पाणी. वास जागच्या जागी. शेवटी सून बोलली, मग ते चिडून खाली माझ्याकडे आले, ते तक्रार करायलाच. "मॅडम, आपके साब की दवा में दम नहीं है." मी तोंड उघडायला लावलं. दातांच्या मागच्या बाजूला दगडासारखी किटणं बसलेली आणि हिरड्यांना नुसता आरसा लागला तरी रक्त. पोट बिचारं निर्दोष होतं. दात साफ केले, हिरड्यांवर उपचार केले, जीभ घासायला शिकवली. महिन्याभरानं सून मिठाईचा डबा घेऊन आली. मी तो वर पाठवला, आणि सोबत निरोप, की तुमच्या पेशंटचं पोट खाली बरं झालं.

याच्या उलटही घडतं, म्हणजे पोटाचं दुखणं दातांवर दिसतं, आणि त्याचा नमुना माझ्या घरातच होता. हे जेवायचे म्हणजे गिळायचे. दोन पेशंटच्या मधे डबा उघडायचा, उभ्या उभ्या चार घास आणि हात पुसत पुन्हा घंटी. एकदा दात ठणकला म्हणून नाइलाजानं माझ्या खुर्चीत बसले. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघितली तर वरचं कठीण कवच विरघळून दात काचेसारखे पातळ झालेले. घासून झिजलेला दात वेगळा दिसतो. हा आंबटानं खाल्लेला होता, आणि आतल्या बाजूला आंबट येणार कुठून? पोटातूनच.

"रात्री छातीशी जळजळतं का?" मी विचारलं.

"थोडंफार. कामाचा ताण."

"पोटातलं आंबट झोपेत तोंडापर्यंत येतं तुमच्या. गोळी घ्या आणि जेवण चावून जेवत चला."

पोटाच्या डॉक्टरच्या पोटाचं निदान सुतारानं केलं, हे त्यांना फार लागलं. गोळ्या सुरू केल्या, चावून मात्र कधीच जेवले नाहीत. "वेळ कुणाला आहे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आता वामनगुरुजींची हकिगत.

गुरुजी आमच्या मराठी मंडळींतले भिक्षुक. मराठे सरदारांच्या वेळेपासून इथे आलेल्या घरांतलं त्यांचं घर. नदीच्या घाटावर आणि यजमानांच्या घरी श्राद्ध-पक्ष चालवायचे, आणि मंत्र म्हणावेत तर त्यांनीच असं सगळे म्हणत. मग दात पडले. तोंडातून वारा जायला लागला, मंत्र फुसफुसायला लागले, आणि यजमान तरुण भिक्षुक शोधायला लागले. तेव्हा ते माझ्याकडे आले आणि मी त्यांना वरची-खालची पूर्ण कवळी करून दिली. मेणावर दात लावून बघताना मी त्यांना खुर्चीत बसवून आख्खा संकल्प म्हणायला लावला. जिथे उच्चार अडला तिथे पुढचा दात कणभर आत-बाहेर केला आणि पुन्हा म्हणायला लावलं. वेटिंगमधले पेशंट हात जोडून बसले होते. शेवटी प्रत्येक अक्षर टाकसाळीतून निघाल्यासारखं आलं तेव्हा गुरुजींचे डोळे भरून आले होते. ती कवळी म्हणजे माझ्या हातची सगळ्यांत चांगली वस्तू, असं मी तेव्हा समजत होते.

तीनेक वर्षं गेली. श्रावण सुरू झाला होता. एके दिवशी गुरुजी जिना चढून वर गेले आणि त्यांच्या पत्नी, सुमतीकाकू, गुडघे दुखतात म्हणून खाली माझ्या बाकावर बसल्या. बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं काकू?"

"काय सांगू बाई. हे तर नुसते वाळून राहिले. धोतर कमरेला थांबत नाही. जेवतात बरोबर, पण अंगाला लागतच नाही. पोट फुगतं, दुखतं, रात्र रात्र बसून राहतात. तुमचे डॉक्टरसाहेब म्हणतात, दुर्बीण टाकून बघू. तर हे तयारच नाही. पुतण्याला यजमान वाटून देऊन राहिले एकेक. म्हणतात, हा येणारा पितृपक्ष माझा शेवटचा."

काकूंना मूलबाळ नाही. त्या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. जेवूनही वजन उतरणं या वयात चांगलं लक्षण नसतं, हे मलाही कळत होतं. मी काकूंचा हात धरून बसले.

एवढ्यात गुरुजी खाली आले. धोतराचा सोगा मुठीत धरलेला, गालांचे खड्डे पडलेले. मागोमाग हेही उतरले, चिडलेले.

"तूच सांग यांना," हे मला म्हणाले. "चार महिने औषध देतोय. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी पुढे काय करू?"

"डॉक्टरसाहेब, ती नळी किती जणांच्या तोंडात जाऊन आली असेल?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "उष्टी वस्तू मी तोंडात नाही घेणार. मरायचं तर आहेच एक दिवस. सोवळ्यात मरीन."

हे कपाळाला हात लावून वर निघून गेले. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "आलाच आहात तर कवळी बघते, बसा."

गुरुजींनी ती काढून माझ्या हातावर ठेवली. मी दिव्याखाली धरली आणि बघतच राहिले. उज्जैनमध्ये वापरलेली कवळी कशी असते हे मी डोळे मिटून सांगेन. दाढांच्या खाचांत हळद, मागे चहाचा काळसरपणा, चावून चावून कंगोरे बोथट. ही कवळी काल बनवल्यासारखी होती. दाढांवर एक ओरखडा नाही, हळदीचा ठिपका नाही.

"गुरुजी, ही लावून जेवता न तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलं होतं की चपला घालून देवघरात जाता का.

"दात लावून कोण जेवतं, डॉक्टरीणबाई?"

काकूंनीही मान हलवली, यात विचारण्यासारखं काय, अशी.

"म्हणजे जेवताना काढता?"

"काढावे तर लागतीलच न! अन्न लागलं की ते उष्टे झाले. मग त्याच तोंडानं मंत्र कसा म्हणू? हे दात मंत्राचे आहेत. तांब्याच्या गडूत पाण्यात ठेवतो, वर तुळशीचं पान. जेवण झालं, चूळ भरली, की मग लावतो."

तांब्याच्या गडूत, तुळशीच्या पानाखाली! माझ्या सगळ्या नोकरी-धंद्यात माझ्या कामाचा एवढा मान कुणी केला नव्हता. आणि त्या मानापायी माणूस उपाशी मरत होता.

"मग जेवता कसे?"

"घास करायचा, वरण नाहीतर तूप घ्यायचं, गिळायचा. सवय झाली आता."

आणि जेवणं कसली! मराठी घरी उडदाचे वडे, माळव्यातल्या घरी बाफले. बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, तुपात बुडवलेला. तो दातांनी चावतानाही माणूस दमतो. गुरुजी त्याचे तुकडे आख्खे खाली लोटत होते. कोशिंबिरी, पालेभाज्या, फळं चावता येत नाहीत म्हणून बंद. घाईनं गिळताना घासाबरोबर हवा जाते, ती वेगळीच. पोटाला दात नसतात. दळण वर व्हायला हवं, लाळ तिथे मिसळायला हवी. वरच्या जात्याला सुट्टी दिली की खालच्या चुलीवर सगळा भार येतो.

मी कवळी हातात घेऊन जिना चढले. पेशंट बसलेला असतानाच आत शिरले आणि ती ह्यांच्या टेबलावर ठेवली.

"तुमच्या चार महिन्यांच्या औषधाचं उत्तर."

त्यांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "शैला, हे असेलही. पण वजन इतकं उतरलंय. आत दुसरं काही असलं आणि आपण दात करत बसलो तर? मला आत बघायलाच हवं."

ते बरोबर बोलत होते, आणि मीही. मग तिथेच ठरलं. दात मी करायचे आणि दुर्बिणीला तयार करायचं तेही मीच.

खाली येऊन मी गुरुजींना विचारलं, "पूजेला बसताना सोवळं नेसता. जेवून उठल्यावर बाजारात जाताना?"

"दुसरं धोतर. हे काय विचारणं झालं?"

"मग दातांचीच एक जोडी का? मंत्राची ही राहू द्या गडूत. जेवणाची दुसरी करून देते. तिला खुशाल उष्टी होऊ द्या, तिचं कामच ते."

गुरुजी विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की आत शास्त्रार्थ चालू आहे. "मृत्यूच्या दारात बसून आता बत्तीसीच्या दोन जोड्या?" ते शेवटी म्हणाले. "राहू द्या बाई. माझं पोट तर संपलं."

तेव्हा मला एकदम सुचलं, आणि त्या सुचण्याचा मला आजही अभिमान आहे.

"गुरुजी, यजमानाच्या घरी तुम्ही जेवता ते कुणाला पोचतं?"

"पितरांना. त्यासाठीच तर जेवतो."

"आख्खा बाफला गिळून पाठवता. तुमचं पोट एवढं दुखतं, तर वर त्या म्हाताऱ्या पितरांचं काय होत असेल?"

काकूंना रडता रडता हसू फुटलं. गुरुजी मात्र हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "हे तर माझ्या लक्षातच नाही आलं. घ्या माप."

"आणि दुर्बीण?"

ते सोगा सावरत उठायला लागले. इथे काकू पुढे सरसावल्या. "साऱ्या दुनियेला सांगत फिरता न, आजारी माणसाला नियम नाही म्हणून? मग स्वतःवर आली की शास्त्र बदलतं का? मला मागे ठेवून कुठे निघालात सोवळ्यात?"

यावर त्या घराण्यातल्या कुठल्याच विद्वानाला उत्तर देता आलं नसतं. गुरुजी दुर्बिणीला तयार झाले, नंतर प्रायश्चित्त घेईन या अटीवर. तपासणीच्या दिवशी मी काकूंजवळ बसून होते. त्या जप करत होत्या. हे बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "जठराला सूज आहे, एक छोटा व्रण आहे. तुकडा तपासायला पाठवतोय, पण मला वाईट काही दिसलं नाही." पुढे तुकड्याचा रिपोर्टही चांगला आला. काकूंनी तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर, डोकं टेकलं.

दुसरी जोडी मी वेगळी केली. हिला मंत्र म्हणायचे नव्हते, म्हणून सगळं लक्ष दाढांवर. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून गुलाबी भागात एक लाल ठिपका टाकला. पण कवळी दिली म्हणजे चावता येतं असं नाही. ते शिकावं लागतं, आणि गुरुजी तर चावणंच विसरले होते. दवाखान्यात ते काही खाणार नाहीत, म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायची. आधी मऊ भात, मग पोळीचा लहान तुकडा, दोन्ही बाजूंनी सारखा चावायचा, म्हणजे कवळी हलत नाही. गाल चावला, जीभ चावली. एकदा वैतागून म्हणाले, "वेद पाठ करणं यापेक्षा सोपं होतं." ज्या दिवशी काकडीची कोशिंबीर कुरकुरत खाल्ली त्या दिवशी काकूंनी आवाज ऐकून मला आत बघायला सांगितलं. दोघींनी पदर तोंडावर धरून हसू दाबलं.

त्या पितृपक्षात एक गंमत झाली. एका यजमानाकडे सगळे ब्राह्मण उठायला तयार आणि गुरुजी अजून पहिल्या वड्यावर. श्राद्धाला जेवताना बोलायचं नाही, त्यामुळे ते सांगूही शकेनात. यजमानाला वाटलं, गुरुजींना जेवण पसंत नाही. तो बिचारा घाबरून माझ्याकडे धावत आला, "मॅडम, पंडितजी नाराज हैं क्या?"

दिवाळीपर्यंत धोतर कमरेला थांबायला लागलं. पुतण्याला वाटून दिलेले यजमान गुरुजींनी एकेक करून परत मागून घेतले, हे पुतण्याला आवडलं नाही, पण तो वेगळा विषय. हे म्हणायचे, गोळ्यांनी बरे झाले. मी म्हणायची, दातांनी. खरं म्हणजे दोन्हींनी. पण त्यानंतर ह्यांनी कुणाला न सांगता एक पद्धत सुरू केली. पोटाचा जुना पेशंट आला की आधी म्हणायचे, "नीचे दाँत दिखाकर आओ." हे मला पेशंटकडून कळलं. मी त्यांना कधी टोकलं नाही. जिंकलेल्या माणसानं एवढं मोठं मन ठेवावं.

हे गेले ते अचानक, हृदयाच्या झटक्यानं. पोटानं त्यांना काही केलं नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा डबा उभ्यानंच खाल्ला होता, आणि मी जिन्यातून ओरडले होते, "चावून खा!" शेवटचं बोलणं तेच. लोकांना मोठी मोठी वाक्यं आठवतात, मला हे आठवतं, आणि फार वाईट वाटतं.

गेल्या पितृपक्षात त्यांच्या तिथीला मी गुरुजींनाच बोलावलं. आता ते फार थकलेत, काठी घेऊन आले. दोन डब्या बरोबर, एक तांब्याची, एक स्टीलची. संकल्प सांगताना ह्यांचं नाव-गोत्र असं स्वच्छ उच्चारलं की एक अक्षर निसटलं नाही. मग उठून मोरीपाशी गेले, पाठ केली, दात बदलले, आणि पानावर येऊन बसले.

मी ह्यांच्या आवडीचे उडदाचे वडे केले होते. गुरुजी चावत होते. माझा मुलगा पुण्याहून आलेला, त्याला परतीची गाडी होती. तो दोनदा घड्याळाकडे बघून गेला. बाकीच्यांचं ताकही पिऊन झालं. गुरुजींनी एकेक घास डोळे मिटून, दोन्ही बाजूंनी, पार पीठ होईपर्यंत चावला. घरात दुसरा आवाज नव्हता. मी वाढायचं विसरून तो आवाज ऐकत उभी राहिले.

हात धुऊन झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या साहेबांना जन्मात कधी सावकाश जेवायला वेळ नाही मिळाला. आज मी एकदम बारीक करून पाठवलं आहे. काही तकलीफ नाही होणार त्यांना."

मी फक्त हात पुढे केला. त्यांनी कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि मी ती खिडकीपाशी उजेडात नेली. दाढांचे कंगोरे झिजून सपाट झाले होते. लाल ठिपका फिकटलेला, आणि खाचाखाचांतून हळद अशी मुरली होती की आता ती ब्रशनं निघाली नसती.

मी ब्रश लावलाच नाही. नुसती पाण्यानं धुतली आणि त्यांच्या हातात दिली.